बंब येण्यापूर्वी

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतील सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले. महाराष्ट्र हळहळला, मदत जाहीर झाली, चौकशी समिती बसली आणि राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागात किमान १३ रुग्ण आगीत दगावले, आणि ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयातही नवजात शिशू कक्षात आग लागली व बालकांना घाईघाईने दुसरीकडे हलवावे लागले. भंडाऱ्यानंतर वीस महिन्यांनी, वऱ्हाडच्या मुख्य शहरात, तशाच कक्षात तीच आपत्ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली. आदेशांनी आग विझत नाही, आणि लागायचीही राहत नाही, हा या वीस महिन्यांचा धडा आहे.

अग्निशमन दलाची परीक्षा आजवर एकाच प्रश्नाने घेतली जात आली आहे : वर्दी मिळाल्यावर बंब किती मिनिटांत पोचला? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. नवजात बालकाला ऊब देणारी यंत्रे, प्राणवायूच्या नळ्या, प्लॅस्टिक, बंद खिडक्या आणि सतत चालणारी विजेची उपकरणे ज्या खोलीत एकवटली आहेत, तेथे ठिणगी पडल्यावर धुराला खोली भरून टाकण्यास काही मिनिटेच पुरतात. सात बालके ज्वाळेने नव्हे, धुराने गेली, याचा अर्थच असा की तेथे बंब पाच मिनिटांत आला असता तरी कदाचित उशीरच झाला असता. तेथे उपयोगी पडली असती ती काही महिने आधी झालेली पाहणी : विजेचा भार किती, तार किती जुनी, धूर सूचित करणारे यंत्र चालते काय, दुसरा दरवाजा उघडा आहे की त्यासमोर कपाट लावले आहे, रात्रपाळीच्या परिचारिकेला बालके कोणत्या वाटेने बाहेर न्यायची हे कोणी दाखवून दिले आहे काय. अग्निशमन दलाचे खरे काम आग लागल्यावर सुरू होत नाही. आग लागेपर्यंत ते बरेचसे होऊन गेलेले असले पाहिजे.

जगात अनेक ठिकाणी अग्निशमन केंद्रे या दिशेने वळली आहेत. ब्रिटनने २००४ च्या कायद्यानंतर ठराविक अंतर व ठराविक गाड्या या जुन्या मापाऐवजी प्रत्येक दलाने आपल्या प्रदेशातील धोक्यांचा आराखडा करावा, अशी पद्धत आणली. अमेरिकेत २०२० मध्ये याच कामाचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. त्यातील विचार साधा आहे. कोणता धोका कोठे आहे, तो घडण्याचा संभव किती, घडला तर कोणाचे किती नुकसान होईल, याचा हिशेब मांडायचा. मग शिक्षण, बांधणीतील सुधारणा, कायद्याची अंमलबजावणी, आर्थिक प्रोत्साहन आणि प्रत्यक्ष बचाव या पाचही साधनांनी तो कमी करायचा. ज्या धोक्याला भिंत फोडून दार करणे हा उपाय आहे, तेथे भाषण देऊन चालत नाही. आणि ज्या धोक्याला शेजारणींची एक बैठक पुरते, तेथे लाखाचे यंत्र लागत नाही.

या विचाराला परदेशी शोभेची वस्तू समजण्याचे कारण नाही. त्याचे मुख्य साधन अकोल्याच्या व अमरावतीच्या अग्निशमन केंद्रांत पडून असलेच पाहिजे. ते म्हणजे वर्दीची नोंदवही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या भागातून वर्दी आली, काय जळत होते, कारण काय आढळले, हे प्रत्येक केंद्राला नोंदवावेच लागते. गेल्या दहा वर्षांच्या नोंदी प्रभागवार, महिनावार आणि कारणवार मांडल्या, तर शहराच्या नकाशावर धोका आपोआप उमटेल. मे महिन्याच्या दुपारी कोणत्या वस्तीतून वर्दी येते, दिवाळीत कोठून, कापसाच्या हंगामात कोठून, हे केंद्रावरील जुन्या फायरमनला तोंडपाठ असते. त्याचे हे ज्ञान निवृत्तीबरोबर घरी जाते, कारण ते कागदावर मांडून नगररचना, वीज वितरण आणि आरोग्य या खात्यांपुढे ठेवण्याचे काम कोणालाही नेमून दिलेले नाही.

वऱ्हाडच्या धोक्यांची यादी करायची तर पहिली ओळ कापसाची. १८५३ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, अमेरिकेतील यादवी युद्धाने येथील कापसाला मँचेस्टरची वाट दाखवली, आणि अकोला-अमरावतीभोवती रेचे व दाबाचे कारखाने उभे राहिले. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती काय राहिले हा वेगळा प्रश्न. पण त्याबरोबर आगीची एक कायमची टांगती तलवार या मुलखावर आली. शेतातून आलेल्या कापसात खडा, खिळा वा तारेचा तुकडा असतो. तो यंत्रात घासला की ठिणगी उडते आणि हवेच्या झोताबरोबर रुईच्या ढिगात जाऊन बसते. तापलेले बेअरिंग, गंजीवरून गेलेली उघडी तार, खेटून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या धुराड्यातील ठिणगी, कंटाळलेल्या हमालाची विडी, यांतील कोणतेही एक कारण पुरते. दाबलेल्या गठाणीत शिरलेला निखारा कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहतो. वरून पाणी मारले तर बाहेरचा थर भिजतो आणि आतला जागा राहतो. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती, तेव्हा खरेदी केंद्रांच्या उघड्या आवारांत रचलेल्या गंज्या उन्हाळ्यात जळत, आणि ते नुकसान निसर्गाच्या खात्यावर लिहिले जाई. ते निसर्गाचे नव्हते. दोन गंज्यांमध्ये मोकळी वाट सोडणे, यंत्राच्या तोंडाशी लोह ओढून घेणारे चुंबक बसवणे, आवारात पाण्याची टाकी भरलेली ठेवणे आणि गंजीवरची तार हलवणे, एवढ्याने त्यातील मोठा भाग टळला असता.

अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन १४ एप्रिल हा आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला ८,७०० कापसाच्या गठाणी होत्या. आग प्रथम कापसालाच लागली. धूर दुपारी दिसला, स्फोट चारनंतर झाला. मधल्या तासांत काय करायचे याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेच ठरत नव्हते. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवण्याची चूक मात्र जहाज मुंबईला येण्याआधीच झाली होती. जवानांनी तिची किंमत मोजली. दरवर्षी १४ एप्रिलला त्यांना मानवंदना दिली जाते. धोक्याचे मोजमाप आधी करणे ही त्याहून खरी मानवंदना ठरेल, आणि कापसाच्या मुलखाने ती पहिली द्यावी. अमरावतीजवळ नांदगाव पेठ परिसरात वस्त्रोद्योग वाढत आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी अमरावतीच्या नव्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणीही केली. अशा उद्यानाच्या आराखड्यात रस्ते, वीज व सवलती यांच्या आधी पाणी, मोकळी वाट आणि अग्निशमन केंद्र यांची रेघ ओढली गेली पाहिजे.

यादीची दुसरी ओळ खेड्यांची. वऱ्हाडातील उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान देशातील सर्वांत वरच्या आकड्यांत असते. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे त्या जिल्ह्यात जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. याच दिवसांत गावोगाव धुरे जाळले जातात. पऱ्हाट्यांचे ढीग घराला टेकून असतात, गोठ्यात कुटार भरलेले असते. वारा सुटला की धुऱ्यावरची आग गोठ्यात येते आणि दावणीला बांधलेली बैलजोडी, पुढच्या हंगामाचे सारे भांडवल, दोरी सुटण्यापूर्वी जळते. ग्रामपंचायतीकडे बंब नसतो. तो तालुक्याच्या नगर परिषदेकडून येईपर्यंत राख उरते. मेळघाटातील धारणी अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटवाटेने. तेथील गवताकुडाच्या घरांसाठी ‘बंब पाठवला आहे’ या वाक्याला अर्थ राहत नाही. तेथे उपाय गावातच हवा : भरलेले टाके, हातपंप आणि नळीची जोडणी, शिकवलेले दहा तरुण, घर आणि कुटार यांमध्ये अंतर, आणि धुरे केव्हा जाळायचे नाहीत याचा ग्रामसभेचा ठराव. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवणाऱ्या कोरकू कुटुंबाला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा झाडाखाली अंथरायला जाळी देणे स्वस्त पडते आणि जंगलही वाचते.

तिसरी ओळ शहरांची. अमरावतीत जवाहर गेटच्या आतील जुन्या वस्तीत आणि अकोल्याच्या जुन्या शहरात व बाजारपेठांत गल्ल्या अरुंद आहेत. खाली कापडाचे दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड आणि मधून एकच लाकडी जिना, अशी घरे तेथे असतात. मोठा बंब तेथे शिरत नाही. त्या गल्ल्यांसाठी लहान वाहन, दुचाकीवरील पंप आणि चौकाचौकांत पाण्याचे उभे नळ लागतात. पण ज्या शहरात उन्हाळ्यात घरच्या नळालाच काही दिवसांआड पाणी येते, तेथे आगीच्या नळाला दाब कोठून येणार? अकोल्याची भिस्त काटेपूर्णेच्या धरणावर, अमरावतीची ऊर्ध्व वर्ध्यावर. म्हणून पाणीपुरवठा खात्याच्या नियोजनात आगीचे पाणी हा वेगळा व राखीव आकडा असला पाहिजे. अकोला हे शिकवणी वर्गांचेही शहर झाले आहे. सबंध विदर्भातून मुले तेथे येतात. २४ मे २०१९ रोजी सुरतेत इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आग लागून २२ जण गेले. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्याचे साऱ्या देशाने पाहिले. आपल्या मुलाला अकोल्याला पाठवणारा शेतकरी शुल्क किती हे विचारतो. जिने किती हे विचारण्याचे त्याला कोणी शिकवलेले नाही. ते विचारणे शासनाचे काम आहे.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे. इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने आगीपासून संरक्षणाची साधने बसवावीत, ती चालू स्थितीत ठेवावीत आणि दरवर्षी जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याला द्यावे, असे हा कायदा सांगतो. न ऐकणाऱ्याला नोटीस देण्याचा, प्रसंगी वीज व पाणी तोडण्याचा आणि इमारत मोहोरबंद करण्याचा अधिकारही त्यात आहे. अडचण अशी की ज्याची तपासणी व्हायची तोच तपासणाऱ्याला पैसे देतो. अशा व्यवस्थेत प्रमाणपत्र कागदावर भरते आणि भिंतीवरचे नळकांडे रिकामे राहते. म्हणून दर सहामाहीत आलेल्या प्रमाणपत्रांपैकी काही चिठ्ठ्या टाकून निवडावीत व दलाने स्वतः जाऊन, न सांगता, ती पडताळावीत. शिवाय कोणत्या रुग्णालयाचे, मंगल कार्यालयाचे, शिकवणी वर्गाचे व जिनिंगचे प्रमाणपत्र आले नाही याची यादी प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावावी. नोटिशीला न भिणारा मालक गिऱ्हाइकाच्या नजरेला भितो. आणि पहिली यादी सरकारी इमारतींची लागली पाहिजे; भंडाऱ्याचे रुग्णालय सरकारचे होते. जे शासन दुकानदाराला दंड करते त्याने स्वतःच्या दवाखान्याला सूट देऊ नये.

येथे पैशाचा मुद्दा पुढे येतो, आणि तो टाळता येणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांत घातली. काम आले, त्या प्रमाणात पैसा आला नाही. अमरावतीची महानगरपालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आणि अकोल्याची ४ लाख २६ हजार होती. २०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढून आसपासची गावे शहरात आली. हद्द कागदावर एका रात्रीत वाढते. केंद्र, गाडी आणि जवान त्या वेगाने वाढत नाहीत. मार्च २०२२ पासून दीर्घ काळ या दोन्ही महानगरपालिका निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासकांच्या हाती होत्या, म्हणजे प्रश्न विचारणाराही नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी देशभरासाठी ५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. असा पैसा आला की पहिली मागणी उंच शिडीच्या चकचकीत गाडीची होते, कारण तिच्यासमोर फीत कापता येते. पाहणी करणाऱ्या दोन प्रशिक्षित माणसांच्या पगारासमोर फीत कापता येत नाही. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, अमरावतीपासून दीडशे किलोमीटरवर. देशभरातील दलांचे अधिकारी तेथे शिकून जातात. शेजारच्या वऱ्हाडात मात्र अग्निशमनाचे काम कंत्राटावर व अपुऱ्या मनुष्यबळावर ढकलणे ही खेदाची गोष्ट होय. ज्याला पुढल्या वर्षी आपण येथे असू याची खात्री नाही, तो प्रभागाचा धोका कसा ओळखणार?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. जेथे गाड्याच पुऱ्या नाहीत तेथे धोक्यांचे नकाशे काढण्याची चैन कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटनमध्येही धोक्याच्या हिशेबाच्या नावाखाली केंद्रांना कुलपे लागली. जानेवारी २०१४ मध्ये लंडनमधील दहा केंद्रे एका दिवशी बंद झाली. १४ जून २०१७ रोजी त्याच लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळून ७२ माणसे गेली. तेथील भाडेकरू इमारत धोकादायक असल्याचे आधीपासून सांगत होते, आणि त्यांचे कोणी ऐकले नव्हते. म्हणजे नकाशा बचतीसाठी काढला तर तो फसवतो, आणि राहणाऱ्यांना न विचारता काढला तर आंधळा असतो. पण यावरून नकाशा नको असे ठरत नाही. गाड्या कमी आहेत म्हणूनच त्या कोठे उभ्या करायच्या याचा विचार अधिक हवा. औषध थोडे असले की रोगाचे निदान जास्त काळजीने करावे लागते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आगीच्या नकाशावर सर्वांत लाल डाग पडतो तो गरिबांच्या वस्तीवर. पत्र्याच्या भिंती, एकाच खांबावरून ओढलेल्या तारा, स्वयंपाक आणि झोपणे एकाच खोलीत. देशात २०२२ साली आगीच्या अपघातांत सुमारे साडेसात हजार माणसे मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक राहत्या घरांत मेली. गाजलेल्या रुग्णालयांत व चित्रपटगृहांत नव्हे. ही मरणे एकेकटी येतात म्हणून त्यांची चौकशी समिती बसत नाही. अशा वस्तीवर लाल डाग पडला की प्रशासनाला सुचणारा पहिला उपाय बुलडोझर हा असतो. तो उपाय नव्हे. धोका एका नाल्याकाठून दुसऱ्या नाल्याकाठी हलवणे आहे. वस्तीला हक्काची वीजजोडणी द्यावी, बंब शिरेल एवढी वाट लोकांशी बोलून मोकळी करावी, चौकात पाणी आणि वाळू ठेवावी, सिलिंडरची नळी तपासायला अग्निशमनचा माणूस घरोघर जावा. तसेच गोदामात रात्री झोपणाऱ्या हमालाला बाहेरून कुलूप लावण्याची चाल बंद झाली पाहिजे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, मेले; त्यांतील अनेकींच्या वाटेतील दार मालकांनी कुलूपबंद ठेवले होते. त्या राखेतून तेथील कामगार कायदे उभे राहिले. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न अग्निशास्त्राचा आहे तितकाच न्यायाचा.

वऱ्हाडला अशा नियमनाची परंपरा नाही असेही म्हणता येत नाही. कापसाच्या व्यापारात तोल व मोल नीट राहावे म्हणून १८९७ साली येथे कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला; देशातील बाजार नियमनाची ती सुरुवातीची पावले होती. परकी सरकारला व्यापाराच्या गरजेपोटी जे जमले ते लोकांच्या सरकारला माणसाच्या जिवापोटी जमू नये काय? दोन्ही महानगरपालिकांनी करावयाचे काम अवाढव्य नाही. दहा वर्षांच्या वर्द्यांचा हिशेब मांडावा. फेब्रुवारीत, उन्हाळा तापण्यापूर्वी, प्रत्येक रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाची व अतिदक्षता विभागाची पाहणी करून रात्रपाळीसह बचावाचा सराव घ्यावा. ऑक्टोबरात, कापूस येण्यापूर्वी, जिनिंगची आवारे पाहावीत. शाळा उघडण्यापूर्वी शिकवणी वर्ग पाहावेत. पावसाळ्यापूर्वी नदीकाठ पाहावा, कारण जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले तेव्हाही लोकांनी हाक मारली ती याच दलाला. या साऱ्याचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे यावा, छापला जावा आणि नागरिकांना मिळावा.

आग विझवताना जीव धोक्यात घालणाऱ्या जवानाचे शौर्य निर्विवाद आहे. पण ज्या समाजाला वारंवार शौर्याची गरज पडते, त्याच्या व्यवस्थेत काहीतरी चुकत असते. भंडाऱ्याच्या त्या दहा बालकांना नावेही ठेवायची होती. त्यांच्यासाठी कोणी बलिदान करण्याची आवश्यकता नव्हती. कोणीतरी दिवसाउजेडी येऊन एक तार, एक यंत्र आणि एक दार तपासण्याची होती. ते काम आज अकोल्यात व अमरावतीत कोणाच्या नावावर लिहिलेले आहे, हे दोन्ही शहरांच्या कारभाऱ्यांनी लोकांना सांगितले पाहिजे. ते कोणाच्याच नावावर नसेल, तर पुढल्या चौकशी समितीचा निष्कर्ष आजच लिहून ठेवता येईल.